दहा जीव, एक तास आणि बुचाचा तुकडा

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागले की साठेक किलोमीटरवर मऊरानीपूर येते. मऊ आणि शेजारचे रानीपूर या दोन नावांचे मिळून झालेले हे नाव. गाव सुखनई नदीच्या काठी आहे. सुखनई धसानला मिळते, धसान बेतव्याला आणि बेतवा यमुनेला. भाद्रपदात, आपल्याकडे घरोघरी गणपती असतात त्याच दिवसांत, इथे जलविहाराचा मेळा भरतो. देवळांतल्या मूर्ती सजवलेल्या विमानांत बसतात, विमाने खांद्यांवरून वाजतगाजत सुखनईवर जातात, देवांचा जलविहार होतो आणि देव आपापल्या देवळांत परततात. आपला गणपती पाण्यात जातो आणि पुढच्या वर्षीच येतो. बुंदेलखंडातला देव पाण्यापर्यंत जाऊन त्याच मुक्कामात घरी येतो.

आता समजा, चार-पाच मित्र टेबलाभोवती बसले आहेत. पुढे चौकटीचौकटीचा कागद, त्यावर सुखनईचा वळसा काढलेला. हातात वीस पैलूंचे फासे. खेळ चालवणारा सांगतो: रात्र आहे, वरच्या अंगाला पाऊस झाला आहे, नदी दुथडी भरली आहे, पूल नाही, होडी नाही आणि पहाटेच्या आत देवाचे विमान पलीकडच्या काठावर पोचले पाहिजे. सगळे जरा गप्प होतात. मग पुरोहिताची भूमिका घेतलेला खेळाडू म्हणतो, "मी वॉटर वॉक टाकतो."

त्यानंतर नेमके काय होते, ते या प्रकरणात पाहू. "सगळे पाण्यावरून चालत जातात" हे उत्तर पुरेसे नाही. तेवढ्यावर भागले असते तर नियमांची जाडजूड पुस्तके कुणी विकत घेतली नसती.

हा खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये छापून विकायला काढला. सोंगट्यांच्या युद्धखेळांतून तो निघाला आणि मोजमापाची सवय त्याने तिथूनच आणली. एक जण खेळ चालवतो, त्याला डन्जन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. काय करायचे ते खेळाडू बोलून सांगतो. जमेल की नाही, हे नियम, फासे आणि डीएम मिळून ठरवतात.

पाण्यावरून चालण्याचा मंत्र या खेळात तिसऱ्या पातळीचा आहे. म्हणजे नवशिक्याला तो मिळत नाही, पुरोहित पाचव्या पायरीवर चढला की मिळतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या अटी अशा आहेत: मंत्र टाकणाऱ्यापासून ३० फुटांच्या, म्हणजे नऊ मीटरांच्या आतले, राजी असलेले जास्तीत जास्त दहा जीव, मुदत एक तास. तेवढा वेळ त्यांना पाणी, चिखल, बर्फ, दलदल, आम्ल, अगदी लाव्हासुद्धा निरुपद्रवी घट्ट जमिनीसारखा होतो. लाव्हाची धग मात्र लागते, तिच्यापासून हा मंत्र वाचवत नाही. सामग्री म्हणून हाताशी बुचाचा एक तुकडा लागतो. आणि एक सोय आहे: घाई नसेल तर हाच मंत्र विधी म्हणून दहा मिनिटे जास्त घेऊन करता येतो. तसे केले तर मंत्रांचा रोजचा ठरलेला साठा खर्च होत नाही.

या अटींतल्या प्रत्येक शब्दाला टेबलावर वजन येते. "दहा जीव" हाच शब्द घ्या. विमान खांद्यावर घेणारे समजा आठ भोई आहेत. एक पुजारी, एक मंत्र टाकणारा. दहा भरले. मशालजी काठावर राहिला. विमानाचे काय? ती वस्तू आहे, ती भोयांच्या खांद्यावर आहे, तेव्हा ती त्यांच्या ओझ्याबरोबर जाते. पण तेच विमान चाकांच्या गाड्यावर ठेवले असते तर? मंत्र जीवांवर पडतो. बैल पाण्यावर उभे राहतील, चाक हा जीव नव्हे, ते बुडेल आणि बैलांनाही खाली ओढेल. थोडक्यात, पालखी चालते, रथ बुडतो. नियमात हे असे कुठेही लिहिलेले नाही, पण नियमातून हेच निघते. अशी निष्पत्ती टेबलावर एखाद्या खेळाडूच्या तोंडून निघाली की त्या रात्रीचा खेळ वसूल झाला म्हणावे.

हत्तीचे उलट आहे. नियम डोकी मोजतो, वजन मोजत नाही. हत्ती म्हणजे एक जीव. त्याच्या पाठीवरचे हौद्यासकट सगळे सामान त्याचे ओझे. ज्या गटाला हे सुचते तो दहा माणसांऐवजी दहा हत्ती नेतो. अट एवढीच की हत्ती राजी हवा, आणि ते ठरवायचे डीएमने.

मग एखादा खट्याळ खेळाडू विचारतो: विमानातली मूर्ती वस्तू की जीव? पुस्तकाच्या हिशेबाने वस्तू. पण ज्या भक्तांसाठी ही सगळी धडपड चालली आहे त्यांच्या हिशेबाने मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली आहे. त्यांचे म्हणणे मानले तर देव अकरावा होतो आणि शिवाय "राजी" या अटीपायी देवाला विचारावे लागते. माझे मत असे की चांगल्या डीएमने इथे पुस्तक मिटावे आणि पुजाऱ्याला कौल लावू द्यावा. फाशापेक्षा तोच त्या जागेला शोभतो.

दहाचा आकडा किती तोकडा आहे, हे कळायला इतिहासाकडे वळावे लागते. १ एप्रिल १८५८ रोजी झाशीचा वेढा फोडायला आलेल्या तात्या टोप्यांची इंग्रज सेनापती ह्यू रोजशी बेतव्यावर लढाई झाली. तात्यांबरोबर सुमारे २०,००० माणसे होती असे सांगतात. त्यांच्याकडे आपला पुरोहित असता तर? घाईच्या मंत्राने दिवसभरात दोन-चार डझन माणसे गेली असती. विधी लावला तर दहा माणसांना दहा मिनिटे, म्हणजे २०,००० माणसांना २०,००० मिनिटे. न झोपता, न जेवता जवळजवळ चौदा दिवस. तोफा त्यात नाहीत, कारण तोफेला चाके असतात. शिवाय चैत्रातला बेतवा जागोजाग पायउताराने ओलांडता येतो, तेव्हा मंत्राची गरज कुणाला? सैन्याच्या कामाची ही जादू नाही. ती जासुदाची आणि निरोप्याची जादू आहे. १८५७ मध्ये ओरछ्याची फौज झाशीच्या मुलखात घुसली होती. त्या पावसाळ्यात मऊरानीपूरहून झाशीला गुपचूप खलिता पोचवायचा, एवढाच डाव मांडला तर या मंत्राचे खरे मोल दिसते.

पाण्यावरून चालण्याची कल्पना गायगॅक्सच्या डोक्यातून निघालेली नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण जुन्या कथा नियमांच्या नजरेने वाचल्या तर एक गंमत दिसते. त्या सगळ्या एकाच जातीच्या नाहीत. जादू कुणावर पडते, यावरून त्यांची वेगवेगळी घराणी ठरतात.

पहिल्या घराण्यात जादू चालणाऱ्यावर पडते. पतंजलीच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादात उदान वायू जिंकलेल्या योग्याला पाणी, चिखल आणि काटे लागत नाहीत असे सांगितले आहे. बौद्धांच्या पाली ग्रंथांत ऋद्धींच्या यादीत न बुडता, जमिनीवरून जावे तसे पाण्यावरून जाणे आहे. "जमिनीवरून जावे तसे" हीच कल्पना २०१४ च्या अमेरिकन नियमातही आहे. पतंजलीने तर पाण्याबरोबर चिखलही मोजला, तोही नियमात जसाच्या तसा आला आहे.

दुसऱ्या घराण्यात जादू पाण्यावर पडते. कृष्णाला टोपलीत घेऊन निघालेल्या वसुदेवाला यमुनेने वाट दिली. वसुदेव काही सिद्ध पुरुष नव्हता, नदीच बदलली. या घराण्यात एक धोका आहे: वाट मोकळी झाली की मागून येणाऱ्या शत्रूलाही ती मोकळीच असते. खेळात यासाठी वेगळा, चौथ्या पातळीचा मंत्र आहे, त्याने पाणी दुभंगते.

तिसऱ्यात जादू मधल्या वस्तूवर पडते. नलाने बांधलेल्या सेतूचे दगड तरंगले. तुकोबांच्या बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीवर कोरड्या वर आल्या, ही देहूची कथाही याच घराण्यातली. आणि सगळ्यांत देखणी कथा आदि शंकराचार्यांच्या सनंदन नावाच्या शिष्याची. गुरूंनी नदीपलीकडून हाक मारली, तो होडीची वाट न पाहता सरळ निघाला, आणि त्याच्या प्रत्येक पावलाखाली एक कमळ उमलले. म्हणून तो पद्मपाद. खेळाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक पावलागणिक नवी वस्तू निर्माण झाली, आणि मागच्या माणसाला तिचा उपयोग झाला की नाही ते कथा सांगत नाही. डीएमला हे ठरवून ठेवावे लागेल.

निसर्गात या कथेशी जुळणारा एक पक्षी खरोखर आहे. कमळपक्षी आपल्या तलावांवर पानांपानांवरून चालतो, कारण त्याची बोटे पायाच्या मानाने अफाट लांब असतात आणि वजन मोठ्या जागेवर पसरते. बुंदेलखंडात चंदेल आणि बुंदेल्या राजांनी बांधलेले तलाव पुष्कळ आहेत, झाशी-मऊरानीपूर रस्त्यावरचा बरुआसागर त्यांतलाच. तिथे पाण्यावर पाने पसरलेली असतील तर हा पक्षी कमळावरून चालण्याची युक्ती मंत्राशिवाय करून दाखवतो.

मग माणसाला काय लागेल? पाण्यावर पळणाऱ्या लांब पायांच्या किड्यांना पृष्ठताण पेलतो. पाण्याचा पृष्ठताण दर मीटर काठामागे सुमारे ०.०७२ न्यूटन इतका भार उचलू शकतो. ७० किलोच्या माणसाचे वजन जवळजवळ ६९० न्यूटन. भागाकार केला तर पावलांच्या कडांची लांबी साडेनऊ किलोमीटर भरावी लागेल. दुसरी वाट पळण्याची. मध्य अमेरिकेतला बॅसिलिस्क सरडा पाण्यावर पाय आपटत धावतो. १९९६ मध्ये ग्लाशीन आणि मॅकमहन या संशोधकांनी गणित मांडले: ८० किलोच्या माणसाला तसे करायचे तर सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने धावावे लागेल, आणि स्नायूंना जमते त्याच्या पंधरापट ताकद लावावी लागेल. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी माणसांना पट्ट्यांनी टांगून वजन हलके केले, पायांत छोटे वल्ह्यासारखे पंख बांधले आणि त्यांना पाण्यात जागच्या जागी पळवले. चंद्रावर असते तेवढ्या गुरुत्वाकर्षणात काहींना ते जमले. तेव्हा पाण्यावरून पळायचे असेल तर आधी चंद्रावर तलाव शोधावा.

नियमातला बुचाचा तुकडा या दोन्ही वाटांचा नाही, तो तरंगण्याच्या वाटेचा आहे. लिटरभर बूच साधारण आठशे ग्रॅम ओझे पेलते. ७० किलोच्या माणसाला सगळे अंग पाण्याबाहेर ठेवायचे तर नव्वदेक लिटर बूच पायाखाली हवे. खिशातल्या तुकड्याने ते होत नाही, पण तो तुकडा गणितासाठी ठेवलेलाच नाही. जुन्या मंत्रांच्या सामग्रीत गायगॅक्स आणि मंडळींनी असे विनोद पेरून ठेवले आहेत: आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते, म्हणजे जवळजवळ बंदुकीची दारूच. बूच तरंगते, म्हणून बूच.

खेळ मऊरानीपुरात मांडला तर मात्र हे बूच मला खटकते. बूच भूमध्य समुद्राकाठच्या ओकच्या सालीचे. ते सुखनईकाठच्या पुरोहिताच्या झोळीत कुठून येणार? आपल्याकडे नदी ओलांडायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करत. बुंदेलखंडातले ढीमर जातीचे लोक शिंगाडे काढायला तलावात उतरतात, ते उपड्या घड्यांचा आधार घेऊन. तेव्हा पुस्तकातले बूच खोडून तिथे सुक्या भोपळ्याची एक फोड लिहावी. नियम तसाच राहतो आणि खेळ गावात उतरतो.

नियम गप्प बसतो अशी एक मोठी जागा आहे: प्रवाह. पाणी "घट्ट जमिनीसारखे" झाले, पण ही जमीन वाहते आहे. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर आडवे चालणाऱ्याचे जे होईल तेच पात्राचे होणार. खेळात साधारण पात्र एका फेरीत, म्हणजे सहा सेकंदांत, नऊ मीटर जाते. सेकंदाला दीड मीटर. समजा सुखनईचे पात्र पुरात ९० मीटर पसरले आहे आणि प्रवाहही सेकंदाला दीड मीटर आहे. पार व्हायला दहा फेऱ्या लागतील, आणि तेवढ्यात विमान ९० मीटर खाली गेलेले असेल. घाट चुकला. शहाणा गट म्हणून वरच्या अंगाने निघतो, जुने नावाडीही नेमके हेच करतात. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण तिथे पावले पृष्ठभागापासून इंच-दोन इंच वर तरंगत. वाहत्या पाण्याला पाय लागलाच नाही तर वाहून जायचे कसे? मात्र त्या आवृत्तीत मंत्र टाकणाऱ्याच्या पायरीइतकीच माणसे जात आणि वेळही पायरीमागे दहा मिनिटे. पाचव्या पायरीचा पुरोहित पाच जणांना पन्नास मिनिटे नेई. आठ भोई तिथेच अडकले असते.

दुसरी गप्प जागा म्हणजे पाण्यात शिरणे. २०१४ च्या नियमात पाण्याखाली असलेल्यावर मंत्र टाकला तर तो फेरीला ६० फूट वेगाने वर येतो. बुडणाऱ्याला वाचवायला उत्तम. पण ज्याला मुद्दाम बुडी मारायची आहे, नदीच्या तळाशी पडलेली मूर्ती काढायची आहे, त्याने काय करावे? पाणी त्याला जमीन झाले आहे, जमिनीत बुडी कशी मारणार? यावर टेबलाटेबलावर वाद होत. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने तो मिटवला: बोनस ॲक्शन, म्हणजे त्या फेरीतली एक छोटी जादा कृती, खर्च केली की पृष्ठभागातून खाली किंवा वर जाता येते, आणि वरून पडलेला माणूस सरळ पाण्यात जातो. आधीच्या वाचनाप्रमाणे कड्यावरून नदीत उडी घेणाऱ्याची हाडे मोडण्याची पाळी येई, ती टळली. पाथफाइंडर या भावंड-खेळाने २०१९ च्या आवृत्तीत हे आधीच सोपे करून ठेवले होते: हवे तर खाली जा, मग नेहमीसारखे पोहा, आणि श्वासाचे तुमचे तुम्ही बघा.

या मंत्राचा विचार करताना १९६६ सालची मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. एल. एस. राव या हठयोग्याने पाण्यावरून चालून दाखवण्याची घोषणा केली. महाग तिकिटे काढून शेकडो लोक जमले. राव टाकीच्या काठावर उभे राहिले, पाऊल टाकले आणि बुडाले. ही घटना आता जगभरच्या फजितीच्या संग्रहांत विनोद म्हणून सांगितली जाते. तिच्यात मला विनोदापेक्षा एक फरक दिसतो. चमत्काराला अटी नको असतात. किती जण, किती वेळ, किती खोल पाणी, हे विचारले की चमत्कार करणारा चिडतो. श्रीलंकेतल्या अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये एक लाख रुपयांचे आव्हान दिले, त्यातल्या करून दाखवायच्या गोष्टींत पाण्यावरून चालणेही होते. पुढे १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही चमत्कारांना बक्षिसाचे आव्हान देण्याची रीत चालवली. ही बक्षिसे कुणी नेली नाहीत. खेळातली जादू याच्या नेमकी उलट आहे. ती अटींनीच बनलेली आहे. अटी काढल्या तर तिथे काहीच उरत नाही. म्हणूनच दैवी चमत्कारावर काडीचा विश्वास नसलेला माणूस शनिवारी रात्री तीन तास बिनदिक्कत पुरोहित होऊ शकतो.

मऊरानीपूरचा नकाशा मांडणार असाल तर एक गोष्ट मंत्राच्या आधी ठरवा: महिना. वैशाखात बुंदेलखंडातल्या कित्येक नद्या डबक्यांवर येतात, तेव्हा तिसऱ्या पातळीचा मंत्र वाळूवर वाया जाईल. भाद्रपदात नदी आडवी येते, पण तिच्याआधी चिखल आडवा येतो. बुंदेलखंडात मार आणि काबर म्हणतात त्या काळ्या जमिनी भिजल्या की विदर्भातल्या काळ्या रानासारखा पाय धरून ठेवतात. नियमात चिखलाचा उल्लेख आहे, तो खेळाडू सहसा वाचत नाहीत. तासभराचा मंत्र काठावर जाऊन टाकण्याऐवजी गावाच्या वेशीवर टाका. चिखल आणि नदी दोन्ही त्यात बसतात.